कुलूप, घंटा आणि खबरदार शेजारी

मराठीच्या तासाला मी मुलांना कधी कधी घराच्या दारात उभे करतो, अर्थात शब्दांपुरते. दाराला आपण लावतो ते कुलूप अरबी ‘कुफ्ल’वरून आले. ते उघडणारी चावी पोर्तुगीजांकडून आली. रात्री गल्लीतून फिरणारी गस्त फारसी, तर आग विझवायला धावणारा बंब पुन्हा पोर्तुगीज. अलीकडे घरोघरी शिरलेला ‘अलार्म’ इंग्रजीतून आपल्याकडे आला असला तरी मूळचा इटालियन आहे आणि त्याचा अर्थ ‘शस्त्रे उचला’ असा होतो.

या यादीतला मला सर्वांत आवडणारा शब्द ‘खबरदार’. ‘खबर’ अरबी आणि ‘दार’ फारसी. ज्याच्याजवळ खबर आहे तो खबरदार. उर्दूत हा शब्द जाणत्या, सावध माणसासाठी वापरतात. मराठीत मात्र आपण त्याची धमकी करून टाकली : “खबरदार, पुढे पाऊल टाकलेस तर!” दोन्ही अर्थ खरे आहेत. घराच्या सुरक्षेच्या इतिहासातही हे दोन अर्थ सतत एकमेकांशी भांडत आले आहेत. चोराला धमकी द्यायची आणि घरातल्यांना खबर द्यायची, ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांचा गोंधळ झाला की माणसे मरतात.

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांत कॅमेरे, लोखंडी सेफ्टी डोअर आणि छताला चिकटलेल्या धूर ओळखणाऱ्या चकत्या दिसू लागल्या आहेत. दुकानदार किंमत सांगतो, वॉरंटी सांगतो. वापराचे नियम मात्र पुस्तिकेत बारीक अक्षरात पडून राहतात. त्या नियमांमागे काय काय घडले, हे समजले तर ते पाळावेसे वाटतील, म्हणून हा लेख.

चोर आणि आग ही जोडी जुनी आहे. बुखारींच्या हदीस संग्रहात मदिनेतल्या एका घराची नोंद आहे. रात्री घरातली माणसे झोपेत असताना ते घर जळाले. पैगंबरांना हे कळल्यावर त्यांनी आग ही तुमची शत्रू आहे, झोपण्यापूर्वी ती विझवत जा, अशा अर्थाची सूचना केली. दुसऱ्या एका हदीसमध्ये रात्री दारे लावा, भांडी झाका आणि दिवे मालवा असे सांगितले आहे. कारणही दिले आहे : उंदीर दिव्याची वात ओढून नेतो आणि घर पेटते. मला या कारणाचे फार अप्रूप वाटते. येथे नशिबाची भाषा नाही. आग कशी लागते याचे साधे निरीक्षण आहे आणि त्यावरचा उपायही तितकाच साधा आहे.

दार लावण्याच्या कलेत पुढे बरीच प्रगती झाली. 1206 साली दियारबकरच्या अर्तुकी दरबारातील अल-जझरी यांनी यंत्रांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. त्यात हत्तीचे घड्याळ आहे, पाणी उपसणारी यंत्रे आहेत आणि अक्षरे जुळवून उघडायचे पेटीचे कुलूपही आहे. आज आपण बॅगेला आकडे जुळवायचे कुलूप लावतो, त्याचा हा आठशे वर्षांपूर्वीचा पूर्वज. 1818 मध्ये इंग्लंडमध्ये जेरेमाया चब यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांच्या कुलपात कोणी खोटी किल्ली फिरवली की ते अडकून बसे, आणि मालकाला कळे की आपल्या मागे कोणीतरी हात मारून गेले. कुलूप खबर देऊ लागले होते, पण चोर निघून गेल्यावर!

चोर आत येतानाच खबर देणारे यंत्र विजेमुळे शक्य झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या ऑगस्टस पोप यांना 1853 मध्ये त्याचे पेटंट मिळाले. दार किंवा खिडकी उघडली की तारेतून वीज वाहू लागे आणि विद्युतचुंबक घंटा बडवू लागे. चोराने घाबरून दार पुन्हा लावले तरी घंटा थांबत नसे. एडविन होम्स यांनी हे हक्क विकत घेऊन त्याचा मोठा धंदा उभा केला. आज दाराच्या चौकटीवर चुंबकाचे दोन तुकडे बसवतात, त्यांच्यामागची कल्पना हीच आहे.

आगीची घंटा याच सुमारास, त्याच राज्यात जन्मली. विल्यम चॅनिंग हे डॉक्टर आणि मोझेस फार्मर हे तंत्रज्ञ, या दोघांनी बोस्टन शहरासाठी तारयंत्रावर चालणारी आगीची सूचना यंत्रणा तयार केली. एप्रिल 1852 मध्ये ती सुरू झाली. रस्त्यावरच्या पेटीतला दांडा फिरवला की त्या पेटीचा क्रमांक मुख्य कचेरीत पोचत असे. त्यामुळे आग लागली एवढेच नव्हे, कुठे लागली हेही कळू लागले. हे ‘कुठे’ किती महत्त्वाचे आहे, हे 8 ऑक्टोबर 1871 च्या रात्री शिकागोने पाहिले. न्यायालयाच्या मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याचा अंदाज चुकला आणि बंब आधी भलत्याच दिशेने गेले. त्या आगीत सुमारे तीनशे माणसे गेली आणि लाखभर बेघर झाली. कोरडा उन्हाळा, लाकडी घरे, वारा अशी इतर कारणे होतीच. पण घंटा वाजूनही मदत वेळेवर पोचत नाही, हेही त्या रात्री दिसले.

आता त्या गोंधळाकडे येतो, ज्याचा उल्लेख मी सुरुवातीला केला. 25 मार्च 1911. न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर ट्रँगल नावाचा कपड्यांचा कारखाना होता. काम करणाऱ्या बहुतेक मुली स्थलांतरित, इटलीहून आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतल्या. आठव्या मजल्यावर कापडाच्या चिंध्यांनी पेट घेतला. तेथून दहाव्या मजल्यावर, म्हणजे मालकांच्या कचेरीत, फोन गेला. मालक गच्चीवरून निसटले. नवव्या मजल्याला खबर मिळाली ती थेट आगीकडूनच. तिथला जिन्याचा एक दरवाजा कुलूपबंद होता, कारण मुलींनी माल चोरून नेऊ नये म्हणून सुटताना त्यांच्या पिशव्या तपासल्या जात. 146 जण मेले. कित्येकींनी खिडकीतून उड्या टाकल्या. मालकांवर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले.

चोरीच्या भीतीने लावलेले कुलूप आणि मधल्या मजल्याला न मिळालेली खबर, या दोन गोष्टींनी ते मृत्यू घडवले. पुढे न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमून कारखान्यांचे कायदे बदलले. दार बाहेरच्या दिशेने उघडावे, काम चालू असताना त्याला कुलूप नसावे, आगीचा सराव व्हावा, हे आज आपल्याला साधे वाटणारे नियम त्या 146 जणांनी आपल्याला दिले आहेत.

आपल्या मुंबईचा धडा वेगळा आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. पोटात कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र. धोकादायक माल असल्याचे सांगणारा लाल बावटा जहाजावर नव्हता. दुपारी धूर दिसला आणि चार वाजून गेल्यावर झालेल्या स्फोटांनी गोदी व आसपासच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या. शेकडो माणसे मेली, त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान होते. आजही 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. लाल बावटा म्हणजे कापडाचा तुकडा, त्याची किंमत ती काय! पण तो न फडकल्यामुळे आपण कशाशेजारी उभे आहोत, हे आसपासच्या लोकांना कळले नाही.

घरात बसवायच्या धूरसूचकाचा शोध मात्र चुकून लागला. 1930 च्या दशकात स्वित्झर्लंडचे वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारे यंत्र करू पाहत होते. वायूला ते यंत्र दाद देईना. वैतागून त्यांनी सिगारेट पेटवली आणि तिच्या धुराने काटा हलला. पुढे 1960 च्या दशकात अमेरिकेच्या ड्युएन पिअरसॉल यांनी बॅटरीवर चालणारे स्वस्त यंत्र बनवले आणि ते सामान्यांच्या घरात पोचले. एका प्रकारच्या यंत्रात अमेरिशियम-241 चा अत्यल्प कण हवेतून बारीक वीजप्रवाह चालू ठेवतो आणि धूर शिरला की तो घटतो. भडकलेली आग याला लवकर कळते. दुसऱ्यात प्रकाशाचा किरण असतो, तो धुराने विखुरला की घंटा वाजते. गादी, सोफा यांसारखी धुमसणारी आग याला आधी कळते. आपल्या घरातल्या आगी बऱ्याचदा गादी आणि वायरिंगपासून धुमसत सुरू होतात, म्हणून एकच घ्यायचे तर प्रकाशाचे घ्यावे.

हे यंत्र का हवे? झोपेत आपले नाक आपल्याला जागे करीत नाही. बहुतेक माणसे ज्वाळांनी मरत नाहीत, धुराने आणि कार्बन मोनॉक्साइडने मरतात, कधी कधी तर झोपेतून न उठताच. अमेरिकेतील पाहणी सांगते की घरातल्या आगीत मरणाऱ्या पाचांपैकी साधारण तीन जण अशा घरांतले असतात, जिथे हे यंत्र नव्हते किंवा बंद पडलेले होते. बंद पडण्याचे नेहमीचे कारण बॅटरी. फोडणीच्या धुराने यंत्र ओरडते, घरातले कंटाळून बॅटरी काढतात आणि ती परत बसत नाही. म्हणून यंत्र चुलीच्या डोक्यावर लावू नये. स्वयंपाकघरासाठी उष्णता ओळखणारे वेगळे यंत्र मिळते. धुराचे यंत्र झोपायच्या खोल्यांजवळ, छताला लावावे. महिन्यातून एकदा बटण दाबून तपासावे, बॅटरी वर्षाला बदलावी आणि दहा वर्षांनी यंत्रच बदलावे.

कॅमेऱ्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या कृष्णवर्णीय परिचारिका. कामाच्या वेळा अवेळी, वस्तीत गुन्हे फार आणि पोलीस उशिरा येणार. त्यांनी पती अल्बर्ट यांच्या मदतीने दारातल्या भोकांतून पाहणारा कॅमेरा, झोपायच्या खोलीतला पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय, बसल्या जागी दार उघडायचे बटण आणि मदत मागायचे बटण अशी यंत्रणा रचली. 1966 मध्ये अर्ज केला, 1969 मध्ये पेटंट मिळाले. ज्यांच्या हाकेला पोलीस वेळेवर येत नाहीत, त्यांच्या घरात या यंत्राचा जन्म झाला, हे आपल्यासारख्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. मात्र आजचा कॅमेरा इंटरनेटला जोडलेला असतो. 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरचे असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले. कारण एवढेच की कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. म्हणून पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. कॅमेऱ्याचे तोंड आपल्या दाराकडे ठेवावे, समोरच्यांच्या खिडकीकडे नव्हे. शेजाऱ्यावर पाळत ठेवणारे घर संकटात शेजारी गमावून बसते.

आणि शेजारी गमावून चालणार नाही. अकबराच्या काळातील कोतवालाची कामे अबुल फझल यांनी ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवली आहेत. कोतवालाने घरांची नोंद ठेवावी, गस्त घालावी आणि मोहल्ल्यातल्या लोकांकडून एकमेकांच्या मदतीची हमी घ्यावी. आपल्या गावगाड्यातला जागल्या याच कामाचा. यंत्रांच्या काळातही ही हमी जुनी झालेली नाही, हे 14 जून 2017 च्या रात्री लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये दिसले. चौथ्या मजल्यावरच्या एका घरातला फ्रीज पेटला. त्या घरातला धूरसूचक वाजला, माणूस उठला, फोन झाला. पण चोवीस मजल्यांच्या त्या इमारतीत सगळ्यांना एकदम उठवणारी घंटाच नव्हती, वर रहिवाशांना घरातच थांबायला सांगण्यात आले. 72 जण गेले. रमजान चालू होता. सहरीसाठी जागे असलेल्या मुस्लिम रहिवाशांनी शेजाऱ्यांची दारे ठोठावून त्यांना उठवल्याच्या हकिकती तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांतून आल्या. यंत्र नसलेल्या जागी माणसेच घंटा झाली.

आपल्याकडे कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार तो लागू असलेल्या इमारतींतली आगीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर दोन तास वाद होतो, तिथे हे प्रमाणपत्र दाखवा म्हणायला दोन मिनिटे लागतात. शाळेच्या पालकसभेतही हा प्रश्न विचारावा. आम्हा शिक्षकांना तो अडचणीचा वाटला तरी विचारावा.

घरापुरते सांगायचे तर आज रात्री एक काम करा. झोपण्यापूर्वी लोखंडी जाळीच्या कुलपाची चावी कुठे आहे ते पाहा. ती अब्बांच्या उशाखाली किंवा कपाटाच्या खणात असेल तर जागा बदला. दाराजवळ, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा ठिकाणी तिला कायमचा खिळा द्या, आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाला अंधारात ती काढून कुलूप उघडायला लावा. खिडकीच्या जाळीला आतून उघडणारी झडप आहे का तेही पाहा. धूर असेल तर वाकून, जमिनीलगत चालायचे, लिफ्ट घ्यायची नाही, बाहेर आल्यावर कोणत्या झाडाखाली सगळ्यांनी जमायचे, हे मुलांकडून वदवून घ्या. 101 आणि 112 हे क्रमांक त्यांना पाठ हवेत. एखाद्या शेजाऱ्याला ऐकू कमी येत असेल, तर त्याचे दार कोणी ठोठवायचे हेही आजच ठरवा.