टांकसाळीतील चूक आणि नंतरचा घाव

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा हा स्वतंत्र जिल्हा काढण्यात आला. त्यामुळे आर्वी, देवळी, हिंगणघाट या भागांतील जुन्या नाण्यांचा विचार करताना मोगल बादशहाच्या नावाने हातोड्याने पाडलेल्या भोसलेकालीन रुपयापासून सुरुवात करणे योग्य ठरते. चांदीची कोरी चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून घाव घातला जाई आणि ठसा चकतीहून मोठा असल्याने त्यावरचा सगळा मजकूर नाण्यावर क्वचितच मावत असे. म्हणून अशा रुपयावरील अर्धे कापले गेलेले अक्षर ही चूक नव्हे, नुकसानही नव्हे, ती त्या काळच्या पाडणीची रीतच होय.

खरी चूक ओळखण्याची किल्ली ठशाच्या उलटेपणात आहे. ठशावर अक्षर खोल कोरलेले असते व नाण्यावर ते उठून येते, त्याच न्यायाने ठशाला तडा गेला असेल तर नाण्यावर उंचावलेली रेघ दिसते. उलट नंतर लागलेला ओरखडा धातूच्या आत उतरतो आणि वाटेतील अक्षर तोडून जातो. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिल्यास पुढच्या चकतीच्या एका बाजूवर त्याची खोलगट, उलटी प्रतिमा उमटते. दोन नाणी एकमेकांवर दाबूनही असा आभास निर्माण करता येतो. परंतु तेव्हा त्या बाजूचे मूळ अक्षर चेपलेले आढळते, आणि हा पुरावा निर्णायक मानावा लागतो.

दुहेरी ठसा मात्र नेहमीच चुकीचा नसतो. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाणी ही क्षत्रप नहपानाची असून त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. पराभूत राजाचे चलन आपले करून घेण्याचा तो हेतुपुरस्सर राजकीय व्यवहार होता.

सराफांच्या खुणांचे स्थान याहून वेगळे आहे. चांदीचा कस पाहताना सराफ रुपयावर बारीक चिन्ह ठोकत आणि जुन्या किंवा परमुलखातील नाण्यावर बट्टा, म्हणजे दर्शनी किमतीतील कपात, आकारत. नाणे टांकसाळीबाहेर पडल्यावर झालेली ही इजाच असल्याने तिला पाडणीतील चूक म्हणून विकणे गैर आहे, मात्र व्यापाराच्या इतिहासाला अशा खुणांचे मोल सुबक, न वापरलेल्या नाण्याहून अधिक आहे. दागिन्यासाठी डाख देऊन बसवलेल्या कडीचेही तसेच. कडी काढून टाकल्यावर काठाशी राहिलेला डाखाचा डाग ते नाणे कधीकाळी गळ्यात होते हे सांगतो.

हे सारे बारकावे नाण्याच्या पृष्ठभागावरच असतात, आणि चिंचेने किंवा राखेने घासल्यास तेच प्रथम नाहीसे होतात. शेतात वा जुन्या घराच्या पायात नाणी सापडल्यास ती न घासता, न वाटता, १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावीत.