जबड्याची सूज: काडेपेटीपासून काळ्या बुरशीपर्यंत

आजचा एपिसोड जबड्याचा आहे. हसू नका, यात प्लेग आहे, काडेपेटी आहे आणि आपलं मिरजही आहे.

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण आमच्या कामात एक गोष्ट रोज दिसते: स्क्रीनवर एरर एकच, मागं बग पाच. सातारा-सांगलीकडं घरातल्या वयस्कर माणसाचा गाल सुजला की निदान मात्र ठरलेलं, "दाढ धरलीय." मग लवंग, मिठाच्या गुळण्या आणि मेडिकलमधनं आणलेली गोळी. बऱ्याचदा दाढच असते. तरी इतिहास बघूया.

पहिली गोष्ट दाढेचीच. १८३६ मध्ये लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हनुवटीखाली झपाट्यानं पसरणाऱ्या सुजेचं वर्णन केलं. गिळता येत नाही, जीभ वर उचलली जाते, शेवटी श्वास कोंडतो. मूळ बहुतेक वेळा खालची किडकी दाढ. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं. चिरा देऊन पू काढणं हाच काय तो उपाय. आपल्या भागात तशी शस्त्रक्रियेची सोय व्हायला डॉ. विल्यम वॉनलेस यावे लागले. १८८९ मध्ये ते भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय उभं राहिलं.

दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला आणि पुढं आपल्याकडंही पसरला. गाठ जांघेत, काखेत, कधी जबड्याखाली मानेत यायची. म्हणून लोक त्याला गाठीचा ताप म्हणायचे. त्या साथीसाठी इंग्रजांनी १८९७ चा साथरोग कायदा केला. हा कायदा लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

आता काडेपेटी. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या काडेपेटी कारखान्यांत पांढरा फॉस्फरस वापरायचे. त्याच्या वाफेनं कामगारांचा जबडा सुजायचा, हाड कुजायचं. १८८८ मध्ये लंडनच्या काडेपेटी कामगार मुलींनी संप केला, तेव्हा हा आजार गाजला. भारतात अशा काड्यांवर बंदी आली १९१३ मध्ये. विषय संपला? नाही. २००३ मध्ये अमेरिकेतले डॉ. रॉबर्ट मार्क्स यांनी तसाच कुजलेला जबडा दाखवला, पण या वेळी कारण होतं हाडं मजबूत करणारं औषध, बिस्फॉस्फोनेट. यातही फॉस्फरस असतोच! हा त्रास क्वचित होतो, जास्त करून कॅन्सरसाठी मोठे डोस घेणाऱ्यांना. म्हणून आजीला हाडं ठिसूळ झाल्याची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल, तर दाढ काढण्याआधी डेंटिस्टला सांगाच. औषध मात्र मनानं बंद करू नका.

चौथी गोष्ट घरातली. माझ्या आजोळी सकाळ मिश्रीनं व्हायची. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, हे आजीला कुणी तंबाखू म्हणून सांगितलंच नव्हतं. १९७२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या १ लाखाहून जास्त गावकऱ्यांच्या तोंडाच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर यांचं नातं अशा अभ्यासांतून पक्कं होत गेलं. न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा, जबड्याखाली घट्ट गाठ; सुरुवातीला ती दुखतही नाही, आणि तिथंच घात होतो.

पाचवी २०२१ ची. कोरोनाची दुसरी लाट, मधुमेह, स्टेरॉइड, आणि म्युकरमायकोसिस. गाल दुखतो, बधिर होतो, वरचे दात हलतात. कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला. मे महिन्यात केंद्रानं राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितलं. कोणत्या कायद्याखाली? १८९७ च्याच!

शिवाय लाळग्रंथी आहेत. म्हातारी माणसं पाणी कमी पितात, तोंड कोरडं पडतं आणि कानापुढची ग्रंथी पिकते. जेवतानाच सूज वाढत असेल, तर ग्रंथीत खडा असू शकतो.

तुम्ही पुण्यात किंवा बंगळुरात असता आणि गावाकडनं सुजलेल्या गालाचा फोटो येतो. तेव्हा फोनवर गोळीचं नाव सांगू नका, प्रश्न विचारा. ताप आहे का? तोंड उघडतंय का? शुगर किती? कोणती औषधं चालू आहेत? गिळायला किंवा श्वासाला त्रास असेल, डोळ्याभोवती सूज असेल, तर त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठायला लावा. दोन आठवड्यांत न गेलेली गाठ किंवा जखमही दाखवायचीच. "वय झालं, चालायचंच" हे निदान नाही, मंडळी.