बांबूच्या नगरातला मुक्काम

हल्ली दोन-तीन दिवसांची सुट्टी मिळाली की शहरातली माणसं आधी गाव ठरवत नाहीत, हॉटेल ठरवतात. हॉटेल जितकं जगावेगळं, तितकी त्याची चर्चा जास्त. जपानमध्ये ओसाका शहरात १९७९ साली एक हॉटेल निघालं. त्यात खोल्याच नाहीत. माणूस आडवा होईल एवढे कप्पे एकावर एक रचलेले. स्वीडनच्या उत्तरेला युक्कासयार्वी नावाच्या खेड्यात नदीच्या बर्फाचं हॉटेल बांधतात. भिंती बर्फाच्या, पलंगही बर्फाचे. उन्हं तापली की ते वितळून पुन्हा नदीला मिळतं आणि पुढच्या हिवाळ्यात नव्यानं उभं राहतं.

अशा मुक्कामांची यादी कुणी करायला घेतली, तर मी तिच्यात एक नाव आमच्या खानदेशातलं घालीन. फैजपूरचं टिळकनगर. ते हॉटेल नव्हतं आणि तिथं उतरणारे सहलीलाही आले नव्हते. पण एवढ्या पाहुण्यांची सोय इतक्या वेगळ्या पद्धतीनं केल्याची उदाहरणं आपल्याकडे फार थोडी आहेत.

साल १९३६. तोवर काँग्रेसची अधिवेशनं मुंबई, कलकत्ता, लाहोर, कराची अशा मोठ्या शहरांत भरत. देश खेड्यांत राहतो असं सगळेच म्हणत. पण देशाचे पुढारी जमायचे शहरात. अधिवेशन खेड्यात भरवा, असा आग्रह गांधीजींनी धरला आणि मान मिळाला पूर्व खानदेशातल्या फैजपूरला. पन्नासावं अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबरला इथं झालं. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव.

आता अडचण बघा. फैजपूरला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन सावद्याचं. हॉटेलं, बंगले, मोठी सभागृहं गावात कुठून असणार? एक-दोन पाहुणे आले तर खानदेशी माणूस त्यांना ओसरीवर जागा देईल, भरीत-भाकरीचं ताट पुढं करील. पण हजारोंनी माणसं येणार म्हटल्यावर त्यांना निजवायचं कुठं? जवळच्या खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि त्यांचे सहकारी या कामाला भिडले. साने गुरुजी गावोगाव हिंडले. ज्या मुलखात बसायला खुर्च्या पुरेशा नाहीत, त्यानं देशाचं यजमानपद घेतलं होतं.

शहरातून तंबू, फर्निचर, झुंबरं आणून खेड्याला चार दिवस शहराचं सोंग देता आलं असतं. गांधीजींना तेच नको होतं. खेड्यात जे मिळतं आणि खेड्यातले कारागीर जे करू शकतात, त्यातूनच सगळं उभं राहावं, ही त्यांची अट. त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं. आपण चित्रकार, वास्तुशास्त्रज्ञ नव्हे, असं नंदबाबूंनी सांगून पाहिलं. तेव्हा, मला पियानोचा तज्ज्ञ नको, जीव ओतून वाजवणारा साधा वादक हवा, अशा आशयाचं उत्तर गांधीजींनी दिल्याचं सांगतात.

मग शिवारात बांबूचं नगर उभं राहिलं. कमानी बांबूच्या, प्रतिनिधींच्या झोपड्या बांबूच्या, भिंती चटयांच्या. खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शनही तशाच मांडवात. त्याचं उद्घाटन करताना गांधीजींनी या रचनेचं श्रेय नंदलाल बोस आणि वास्तुरचनाकार म्हात्रे यांना जाहीरपणे दिलं. अध्यक्षांची मिरवणूकही मोटारीतून निघाली नाही. नेहरूंचा रथ बैलांनी ओढला आणि तो सजवला होता नंदबाबूंनी. ज्या मुंबईत १८८५ साली पहिलं अधिवेशन झालं, तिथल्या गवालिया टँकहून धावपटूंनी हातोहात ज्योत आणली.

डिसेंबरातली खानदेशची थंडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना चटईच्या भिंतीआड काढलेली रात्र कशी असते ते वेगळं सांगायला नको. केंब्रिजला शिकलेले नेहरू, नुकतेच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय आणि मनमाडहून पायी मोर्चा घेऊन आलेले शेतकरी, हे सगळे त्या दिवसांत एकाच शिवारात होते. मला या मुक्कामाचं महत्त्व इथं वाटतं. शेतकऱ्याच्या प्रश्नावर बोलणारी माणसं निदान काही दिवस शेतकऱ्याच्या अंगणात राहत होती.

आणि याच अधिवेशनात काँग्रेसनं आपला शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. शेतसारा आणि खंड कमी करावा, कर्जाचा बोजा हलका करावा, वेठबिगार बंद व्हावी, शेतमजुराला जगण्यापुरतं वेतन मिळावं, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता द्यावी, अशी त्यातली कलमं होती. मुक्काम खेड्यात पडला म्हणूनच हा ठराव झाला, असं मी म्हणणार नाही. प्रांतिक निवडणुका तोंडावर होत्या आणि किसान चळवळीचा रेटाही होता. पण हजारो शेतकरी समोर बसलेले असताना तो ठराव मांडणं आणि शहरातल्या सभागृहात मांडणं, यात फरक पडतोच.

अधिवेशन संपलं आणि बांबूचं नगर उतरवलं गेलं. स्वीडनचं बर्फाचं हॉटेल दरवर्षी परत उभं राहतं. टिळकनगर परत उभं राहिलं नाही. पण त्याची रीत पुढं चालली. १९३८ साली गुजरातेत हरिपुऱ्याला, म्हणजे पुन्हा खेड्यातच अधिवेशन भरलं आणि सजावटीला पुन्हा नंदबाबूच आले. तिथली त्यांची चित्रं आज देशभर नावाजली जातात. फैजपूरच्या झोपड्यांची मात्र कुणाला फारशी आठवण नाही. शेजारच्या बऱ्हाणपुरात मोगलांच्या काळातली दगडी अकबरी सराई अजून बघायला मिळते. बांबू आणि चटईला ते भाग्य कुठलं?

आज शहराबाहेरच्या रिसॉर्टमध्ये शेणानं सारवलेली जमीन आणि बांबूची खोली यांना जादा भाडं पडतं. त्यात वाईट काही नाही. पण तिथं खेडं हे शहराच्या करमणुकीसाठी मांडलेलं असतं. फैजपूरला खेडं यजमान होतं आणि आपल्याजवळ होतं तेच त्यानं पाहुण्यांपुढं ठेवलं. सावदा-फैजपूरच्या वाटेनं केळीच्या बागा बघत कधी गेलात, तर गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला टिळकनगर कुठं होतं ते जरूर विचारा. विचारणारं कुणी राहिलं नाही, की सांगणारेही राहत नाहीत.