धड कुणाचं, डोकं कुणाचं?

वेताळ पंचविशीतली ती गोष्ट आठवते ना? देवळात नवरा आणि भाऊ दोघांची मुंडकी धडावेगळी झालेली. देवी प्रसन्न होते, आणि बाई घाईघाईत डोकी नेमकी उलटसुलट जोडते. आता तिचा नवरा कोणता? विक्रम म्हणतो, नवऱ्याचं डोकं ज्या धडावर तो नवरा, कारण सगळ्या अवयवांत डोकं श्रेष्ठ.

मोटारींच्या बाबतीत निकाल अगदी उलटा आहे. इंजिनाचा नंबर असतो ब्लॉकवर, म्हणजे धडावर. वर बसणारं सिलिंडर हेड कितीही वेळा बदला, कागदोपत्री इंजिन तेच राहतं. जुन्या गाड्यांच्या नादी लागलेली मंडळी मात्र हेडवरून तासन् तास भांडू शकतात. मला हे भांडण फार आवडतं, आणि त्यासाठी फोर्डच्या मॉडेल टी इतकी चांगली गाडी दुसरी नाही.

मॉडेल टी १९०८ साली आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटीच्या घरात बनली. चार सिलिंडर एकाच ओतकामात आणि वरचं हेड बोल्ट सोडले की सुटणारं, ही त्या काळी नवलाई होती. तोवर बऱ्याच इंजिनांत सिलिंडर आणि हेड मिळून एकच ओतीव तुकडा असे. आत साचलेला कार्बन खरवडायचा तर मिस्त्रीचा जीव मेटाकुटीला यायचा. टीचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच. त्यामुळे हेड म्हणजे खरं तर एक बिडाचं झाकण. त्यात चार प्लगची भोकं आणि पाणी खेळायला पोकळी. पंधरा बोल्ट काढले की हातात. शेतकरी हे काम गोठ्याशेजारी बसून करू शकत होता.

आणि जे सहज सुटतं ते सहज बदलतं!

पहिला बदल तर फोर्डनेच केला. १९१७ पर्यंतचं हेड बुटकं होतं. त्यानंतर उंच हेड आलं, त्यात पाण्याला जागा जास्त. टीमध्ये पाण्याचा पंप नव्हता (अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर). गरम पाणी आपोआप वर चढायचं आणि रेडिएटरमधून थंड होऊन खाली यायचं, म्हणून ही जागा महत्त्वाची. पण कॉम्प्रेशन साडेचारच्या आसपास होतं ते चारच्याही जरा खाली आलं. म्हणजे १९१२ च्या गाडीवर आज उंच हेड दिसलं, तर ते अस्सल फोर्डचं आहे, वर ओतीव अक्षरांत नावही आहे, पण त्या गाडीचं नाही. मग त्याला ओरिजिनल म्हणायचं का? माझ्या मते नाही, पण असं म्हणणारे पुष्कळ आहेत.

खरी गंमत बाहेरच्यांनी केली. २.९ लिटरचं इंजिन आणि ताकद फक्त २० अश्वशक्ती, हे काही धडपड्या लोकांना बघवेना. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी जो यागर्सबर्गर हा शर्यतपटू राहायचा. अपघातात त्याचा एक पाय गेला होता. त्याने टीसाठी व्हॉल्व्ह वर नेणारं हेड बनवलं. रसीनचा 'रा' आणि स्वतःचा 'जो', म्हणून नाव 'राजो'. (मराठी माणसाला हे नाव आपल्यातलंच वाटतं :) ) शेव्हरले बंधूंनी फ्रॉन्टेनॅक नावाचं हेड काढलं. हो, तेच शेव्हरले! ज्यांचं नाव फोर्डच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धकाच्या गाडीवर होतं, ते फोर्डच्या इंजिनासाठी हेड विकत होते. १९२३ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत असं हेड लावलेली फोर्ड पाचवी आली.

ही हेडं 'बदली' खरी, पण त्यांना आता शंभर वर्षं होऊन गेली. शोधून आणलेलं राजो हेड मला तरी परकं वाटत नाही. गाडीच्या तरुणपणीची हौस आहे ती.

आजची नवी ॲल्युमिनियमची हेडं मात्र वेगळी गोष्ट. कॉम्प्रेशन वाढतं, चढाला गाडी रडत नाही, वजनही कमी. पण ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून गॅस्केटकडे आणि बोल्टच्या ताणाकडे लक्ष ठेवावं लागतं. पाण्यात गंजरोधक नसेल तर दोन धातूंच्या संगतीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं. त्याहून मोठी काळजी खालची. टीचा क्रँकशाफ्ट काटकुळा, तीनच मुख्य बेअरिंगांवर तोललेला, तोल सांभाळायला वजनं नाहीत. तो वीस घोड्यांच्या हिशेबाने केलेला. वरून जोर वाढवला की भोगतो तो. बुटकं बिडाचं हेड दुबळं होतं, पण ते खालच्या धडाला झेपेल एवढंच मागत होतं.

म्हणून रोज फिरवायच्या गाडीला नवं हेड लावायला माझी ना नाही. माझा राग आहे तो जुनं हेड भंगारात घालण्यावर. थंडीत पाणी गोठून तडकलेलं, फेसिंग करून करून पातळ झालेलं असलं, तरी त्यावरच्या ओतीव खुणांवरून गाडीचं वय कळतं.

आपल्याकडे हा नुसता छंदाचा प्रश्न राहिलेला नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसतील, तर 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये. आता शेव्हरले बंधूंचं हेड लावलेली फोर्ड समोर आली तर तपासणाऱ्याने काय म्हणावं? विक्रमाला विचारायला हवं.

तोवर नातेवाईक मंडळींना एक विनंती. गावच्या वाड्यात जुन्या गाडीचं काही लोखंड पडलं असेल, तर विकण्याआधी त्यावरची अक्षरं वाचा आणि फोटो काढून मला पाठवा. नंतर थोडं तेल चोळून, गोणपाटात गुंडाळून जागेवर ठेवून द्या.