वारेपासून गाजरापर्यंत : एका विकराचा प्रवास

जनुकात प्रथिनाची कृती लिहिलेली असते. मानवी जनुक जिवाणूत घातले की जिवाणू ते प्रथिन तयार करून देतो, असे आपण वर्गात सांगतो. उदाहरण असते इन्सुलिनचे. जिवाणूंकडून करवून घेतलेले मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले, तेव्हा उदाहरण बरोबरच आहे. मात्र ते फार सोपे आहे. इन्सुलिनमध्ये ५१ ॲमिनो आम्ले असतात आणि त्यांना शर्करेची एकही साखळी जोडलेली नसते. सगळी मानवी प्रथिने एवढी साधी नसतात. ग्लुकोसेरेब्रोसिडेज या विकराचा इतिहास पाहिला, की हे चांगले लक्षात येते.

१८८२ साली पॅरिसमध्ये फिलिप गोशे या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात ३२ वर्षांच्या एका स्त्रीच्या प्रचंड वाढलेल्या प्लीहेचे वर्णन केले. प्लीहेत फुगलेल्या मोठमोठ्या पेशी होत्या. त्याला ते अर्बुद वाटले. त्या पेशींत एक मेदयुक्त पदार्थ साठलेला असतो, हे कळायला पुढे अनेक वर्षे जावी लागली. आपल्या शरीरातील भक्षकपेशी जुन्या रक्तपेशी गिळतात. त्या रक्तपेशींच्या पटलांतून ग्लुकोसेरेब्रोसाइड हा मेद निघतो आणि भक्षकपेशींच्या लयकारिकांमधले एक विकर त्याचे तुकडे करते. गोशे रोगात नेमके हेच विकर अपुरे पडते, हे अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रॉस्को ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखवले. मेद साठत जातो, यकृत व प्लीहा वाढतात, रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात.

जे कमी आहे ते बाहेरून द्यावे, हा विचार सरळ होता. पण मानवी विकर आणायचे कोठून? ब्रेडींनी प्रसूतीनंतर टाकून दिली जाणारी वार निवडली. वारेतून शुद्ध केलेले विकर १९७४ मध्ये दोन रुग्णांना दिले, तेव्हा यकृतातील साठा २६ टक्क्यांनी घटला. पुढे मोठ्या प्रमाणावर शुद्ध केलेल्या विकराचा गुण मात्र खात्रीने येईना.

अडचण कोठे होती? विकर शुद्ध होते, कार्यक्षमही होते. पण शिरेतून दिल्यावर त्यातले बरेचसे यकृताच्या मुख्य पेशींत जात होते, भक्षकपेशींपर्यंत थोडेच पोचत होते. या विकराला शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. भक्षकपेशींच्या पृष्ठभागावर मॅनोज ही शर्करा ओळखणारे ग्राही असतात, आणि विकराच्या साखळ्यांतले मॅनोज इतर शर्करांखाली झाकलेले होते. संशोधकांनी दुसरी विकरे वापरून टोकाच्या शर्करा एकेक करून छाटल्या आणि मॅनोज उघडे केले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ रुग्णांना असे विकर दिले गेले. बाराही जणांचे हिमोग्लोबिन वाढले. त्याच वर्षी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

मग प्रश्न उरला पुरवठ्याचा. एका रुग्णाच्या एका वर्षाच्या औषधासाठी २०,००० च्या आसपास प्रसूतींतील वार गोळा करावी लागे. जनुकाची प्रत १९८५ मध्ये हाती आली होती. पण नेहमीचा प्रयोगशाळेतला जिवाणू अशा शर्करा जोडत नाही, आणि शर्करेवाचून हे विकर काम करत नाही. म्हणून चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून वाढवलेल्या पेशींत जनुक घातले गेले. हे पुनर्संयोजित विकर १९९४ मध्ये मान्य झाले. त्याचीही साखळी कारखान्यात छाटावीच लागत होती.

शुद्ध विकर मुबलक मिळू लागल्याचा लाभ प्रयोगशाळांनाही झाला. २००३ मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी याच पुनर्संयोजित विकराचे स्फटिक करून त्याची त्रिमितीय रचना उलगडली. त्याच्या ४९७ ॲमिनो आम्लांपैकी ४९५ व्या जागी नैसर्गिक आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आहे. तरीही विकर काम करते. उलट, दुसऱ्या एखाद्या जागी असाच एक बदल झाला तर रोग होतो. कोणता बदल कोठे बसतो, हे आता रचनेवर बोट ठेवून पाहता आले. या जनुकातील दोष पार्किन्सन रोगाचा धोका वाढवतात, हे २००९ मध्ये अनेक देशांतील रुग्णांच्या अभ्यासातून स्पष्ट झाल्यावर या विकराकडे मेंदूचे अभ्यासकही वळले.

त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट घडली. कारखान्यातील हॅमस्टरच्या पेशींना विषाणूची लागण झाली, उत्पादन थांबले आणि जगभरातील रुग्णांना मात्रा कमी कराव्या लागल्या. सजीव पेशीला कारखाना केले, की तिची आजारपणेही आपल्या वाट्याला येतात.

२०१२ मध्ये गाजराच्या पेशींत बनवलेले विकर अमेरिकेत मान्य झाले. तिथे ते पेशीच्या रिक्तिकेत पाठवले जाते आणि त्याच्या साखळ्यांतले मॅनोज आपोआप उघडे राहते. छाटणीची गरज पडत नाही.

विद्यार्थ्यांना 'जनुकापासून प्रथिन' शिकवताना इन्सुलिननंतर आपण ही कथाही सांगावी. जनुक ॲमिनो आम्लांचा क्रम ठरवते. त्यांवर कोणत्या शर्करा चढतील हे पेशी ठरवते. १९७४ चे ते दोन रुग्ण आणि १९९१ चे बारा रुग्ण यांच्यामधली सतरा वर्षे मुख्यतः हे समजण्यात गेली.