परभणीचे तीन तुकडे

जिगसॉ म्हणजे मांजराचे नाहीतर कार्टूनचे चित्र जुळवायचे, अशी आपली समजूत असते. मुळात मात्र ते भूगोल शिकवायचे साधन. लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा कारागीर होता. १७६० च्या दशकात त्याने छापील नकाशे महोगनीच्या फळीवर चिकटवले, सीमांवरून फळी कापली आणि ते तुकडे विकायला ठेवले. श्रीमंतांची मुले ते जुळवत देश शिकत. १७६९ साली स्पिल्सबरी वारला. त्यानंतर तीनच वर्षांनी पोलंडचे पहिले विभाजन झाले आणि १७९५ पर्यंत तो देश नकाशावरून नाहीसाच झाला. एखाद्या घरी खोक्यातला पोलंड मात्र शाबूत राहिला असेल!

नातवंडांसाठी मराठवाड्याचा नकाशा कापायला बसलो तेव्हा हाच प्रश्न माझ्यापुढे आला. साहित्य साधेच: प्लायवूड, फेव्हिकॉल, बारीक पात्याची फ्रेटसॉ आणि पॉलिश पेपर. नकाशा चिकटवून रात्रभर दाबून ठेवायचा, सकाळी कापायचा. पण कोणत्या सालचा?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले, तेव्हा मराठवाडा पाच जिल्ह्यांनिशी मुंबई राज्यात आला: औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद. आज जिल्हे आठ आहेत. म्हणून मी आधी पाचच तुकडे कापले आणि पुढचे काप नातवंडांसमोर, सालांच्या क्रमाने दिले. १ मे १९८१ ला परभणीतून परतूर निघाले आणि औरंगाबादच्या तालुक्यांबरोबर त्याचा जालना जिल्हा झाला. १९८२ ला उस्मानाबादेतून लातूर. १ मे १९९९ ला पुन्हा परभणीवर करवत आली. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हा सगळा भाग गेला. हातातला मोठा तुकडा बघता बघता निम्म्यावर आला.

माझा जन्म वसमत तालुक्यातला. वडिलांनी घर कधी हलवले नाही, तरी त्याचे राज्य दोनदा बदलले आणि जिल्हा एकदा. जिल्हा लहान झाला याची तक्रार नाही. कळमनुरीच्या शेतकऱ्याला कलेक्टर कचेरीसाठी परभणी गाठावी लागे, ते हेलपाटे मी पाहिले आहेत. मनाला लागते ते वेगळेच. नर्सी नामदेवांची, गंगाखेड जनाबाईंचे. वर्गात मी अभिमानाने सांगत असे की दोघेही आपल्याच जिल्ह्याचे. आता नर्सी हिंगोलीत आणि गंगाखेड परभणीत.

धाकट्या नातीने तिन्ही तुकडे उचलून पुन्हा एक करून पाहिले. जुळले, पण मध्ये फट दिसत होती. पात्याच्या जाडीएवढे लाकूड भुसा होऊन जाते, हे तिला समजावून सांगितले. तिने तो भुसा शोधून आणला आणि फटीत भरला.

सध्या परभणीच्या उरलेल्या नऊ तालुक्यांचे वेगळे कोडे करतो आहे. जिंतूर, सेलू, पालम, पूर्णा झाले. पाथरीची बीडकडची हद्द राहिली आहे. तिथे गोदावरीची वळणे आहेत, आणि आतापर्यंत दोन पाती तुटली आहेत.