तेक्क्यॉन : एका वृद्धाच्या देहात तगलेली कला

१/७
कोरियाची युद्धकला म्हटली की आपल्याला तायक्वांदो आठवतो. परंतु हे नाव १९५५ मधले आणि त्याच्या जडणघडणीत जपानी कराटेचा वाटा मोठा. त्याहून जुनी, लोकांत वाढलेली कला म्हणजे तेक्क्यॉन.

२/७
प्रथमदर्शनी ते नृत्यच भासते. गुडघे लवचीक, हात झुलते, पावले त्रिकोणात लयीने पडणारी. या पदन्यासास 'पुमबाल्गी' म्हणतात. प्रतिस्पर्ध्याचा पाय झाडून त्यास पाडावे, अथवा त्याच्या डोक्यापर्यंत लाथ पोहोचवावी, की डाव जिंकला.

३/७
ही कला दोन हजार वर्षांची, असे अनेकदा सांगितले जाते. आधार दाखवतात तो कोगुर्यो राज्यातील थडग्यांच्या भित्तिचित्रांचा. त्यांत झुंजणारे दोन पुरुष आहेत खरे. पण त्या झुंजीचे नाव तेथे कोठेही लिहिलेले नाही.

४/७
लेखी उल्लेख येतो तो १७९८ च्या सुमारास, 'चेमुलबो' या कोशवजा ग्रंथात. १८४६ च्या 'तेक्वेदो' या चित्रात कुस्तीशेजारी हा खेळ रंगला आहे आणि भोवती बघ्यांची गर्दी आहे. १८९५ मध्ये अमेरिकी अभ्यासक स्ट्युअर्ट क्युलिन यांनी कोरियन खेळांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले.

५/७
याउलट, राजा चोंगजोच्या आज्ञेने १७९० मध्ये सिद्ध झालेल्या 'मुये दोबो थोंगजी' या लष्करी ग्रंथात चोवीस विद्या आहेत, तेक्क्यॉन नाही. तात्पर्य, उपलब्ध पुरावा सैन्याकडे नव्हे, तर सामान्यांच्या खेळाकडे बोट दाखवतो.

६/७
१९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला. परकीय अमलात हा खेळ जवळजवळ नाहीसा झाला. इम हो यांच्याकडे शिकलेले सोलचे सोंग दोक-गी (जन्म १८९३) यांनी मात्र तो जपला. शिन हान-सुंग यांनी त्यांच्याकडून शिकून त्याची पद्धतशीर मांडणी केली. १९८३ मध्ये शासनाने तेक्क्यॉनला ७६ व्या क्रमांकाचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. चारच वर्षांनी, १९८७ मध्ये, गुरुशिष्य दोघेही निवर्तले.

७/७
२०११ मध्ये युनेस्कोने तेक्क्यॉनला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आज जे तेक्क्यॉन दिसते, ते मुख्यत्वे एका वृद्धाच्या स्मरणातून आलेले आहे. ती मान्यता आणखी पाच वर्षे लांबती, तर उरले असते ते केवळ एक चित्र आणि कोशातील एक नोंद. एवढे सत्य पुरेसे थोर आहे. त्याला दोन हजार वर्षांचा मुलामा कशाला हवा?